बंब, लाकूड आणि बंद खिडकी

मी बोलतोय रायपूरच्या गुढियारीतून. मागे जो खडखडाट ऐकू येतोय ना, तो मालगाडीचा आहे. आमचं घर स्टेशनच्या पलीकडे, रुळांपासून जवळ. मुंबई-हावडा लाईन आहे ही, त्यामुळे गाडी थांबायची वाट बघितली तर हे भाषण उद्यापर्यंत चालेल. तेव्हा गाडी चालू द्या, आपणही चालू करू.

मला या मालिकेत बोलावलं तेव्हा विचारलं, 'काका, विषय कोणता?' मी म्हटलं, 'बंब.' पलीकडून प्रश्न आला, 'आगीचा की पाण्याचा?' प्रश्न बरोबर होता. मराठीत दोन्ही बंबच. आग विझवणाराही बंब आणि पाणी तापवणाराही बंब. मूळ शब्द पोर्तुगीज, बोंबा, म्हणजे पंप. आपल्याकडे येऊन तो एकीकडे आग विझवायला लागला आणि दुसरीकडे पोटात आग घेऊन बसला.

5 एप्रिल 2024 ला आमच्या गुढियारीत वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरच्या गोदामाला मोठी आग लागली होती. काळा धूर सगळ्या शहरातून दिसत होता. मी पुण्याच्या बहिणीला फोनवर सांगितलं, 'अगं, बंबच बंब आलेत.' ती म्हणाली, 'दादा, तू अजून बंबातच आहेस का?' हसलो आम्ही दोघंही. पण हसून झाल्यावर दोघंही गप्प झालो. का गप्प झालो, ते सांगायलाच आज बसलोय.

आधी माझी ओळख. मी काही शास्त्रज्ञ नाही. उसना तांदळाच्या मिलमध्ये बॉयलर अटेंडंट होतो. महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी सांगतो, उसना म्हणजे उकडा तांदूळ. धान आधी भिजवायचं, वाफेवर उकडायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. छत्तीसगडला धानाचं कोठार म्हणतात. इथे उसना मिल पुष्कळ आहेत आणि प्रत्येक उसना मिलला वाफ लागते. वाफेला बॉयलर लागतो, बॉयलरला भुसा लागतो, आणि या सगळ्याला एक माणूस लागतो जो रात्रभर जागा राहील. तो माणूस मी. परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेतलं होतं. बॉयलरचा कायदा जुना, 1923 सालचा, आता 2025 मध्ये त्याच्या जागी नवा आला. कायद्याप्रमाणे सर्टिफिकेट नसलेल्या माणसाच्या हाती बॉयलर देता येत नाही. ही ओळख मी मोठेपणासाठी देत नाही. पुढे काय झालं ते कळलं की तुमच्या लक्षात येईल, का देतोय ते.

माझे वडील मूळचे भंडारा जिल्ह्यातले. 1961 साली गुढियारीतल्या एका धान्याच्या आडतीवर मुनीम म्हणून आले. भंडारा रोड, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर. एकाच लाईनवरची ही गावं. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या रस्त्यानं मराठी माणसं इकडे येत आली आहेत. बिंबाजी भोसले तर रतनपूरला राहूनच छत्तीसगडचा कारभार बघत होते. आमचे बाबा मात्र तलवार घेऊन नाही आले. ते एक वळकटी, एक ट्रंक आणि आईच्या माहेरहून लग्नात मिळालेला तांब्याचा बंब घेऊन आले. भंडारा भांड्यांसाठी नावाजलेलं, त्यामुळे तिकडच्या लेकीला भांडी मिळणारच. पण बंब मिळणं म्हणजे मोठी गोष्ट. आई शेवटपर्यंत म्हणायची, 'माह्या बापानं मले सोनं नाही देल्लं, बंब देल्ला.'

ज्यांनी बंब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कमरेएवढा उंच तांब्याचा पिंप समजा. त्याच्या मधोमध आरपार एक नळी. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी, त्याखाली राख पडायला जागा, आणि हवा आत जायला छोटं तोंड. वरून नळीत काटक्या, लाकडाच्या ढलप्या किंवा कोळसा टाकायचा. विस्तव मधे, पाणी त्याच्या चहूबाजूंनी. चुलीवर पातेलं ठेवलं की आग फक्त बुडाला लागते, बाकीची इकडेतिकडे पळते. बंबात तिला पळायला जागा कमी. नळीतून वर जाताना ती आपली उष्णता पाण्याला देऊन जाते. खाली तोटी असते, वरून पाणी ओतायला तोंड असतं आणि त्यावर सैल झाकण असतं. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. असे बंब हातानं ठोकून घडवणारे कारागीर तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. हिमाचलात याच्याच भावंडाला हमाम म्हणतात.

ते सैल झाकण लक्षात ठेवा. बॉयलर आणि बंब यांतला फरक तिथे आहे. बॉयलरमध्ये वाफ कोंडून ठेवायची असते, म्हणून त्याला कायदा, तपासणी, सेफ्टी व्हॉल्व्ह, सगळं लागतं. बंबात वाफ कोंडायची नसतेच. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1600 पट जागा मागते. तिला वाट दिली तर ती मुकाट्यानं निघून जाते, नाही दिली तर ती भांडं फाडून वाट काढते. हल्ली काही लोक बंबाला पाइप जोडतात, वरचं तोंड वेल्डिंग करून बंद करतात आणि पुढे नळ बसवतात. दिसायला छान दिसतं. पण नळ बंद असताना खाली आग चालू राहिली, तर तुम्ही बाथरूममध्ये सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला बॉयलर ठेवलाय. असं करू नका. बंबाचं तोंड आकाशाला उघडं पाहिजे.

आमचा बंब अंगणात पत्र्याच्या छपराखाली असायचा. रायपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल, 42-44 अंश. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 12-13 वर येतो, कधी त्याच्याही खाली. पहाटे पाचला आई बंब पेटवायची. आधी पाणी भरायचं, मग काडी ओढायची. उलटं केलं, रिकामा बंब तापला, की त्याच्या जोडाचं डाख वितळतं आणि बंब गळायला लागतो. मिलमध्ये मला पहिल्या दिवशी उस्तादांनी हेच शिकवलं, 'आधी गेज ग्लास बघ, पाणी बघ, मग आगीकडे बघ.' मला हसू आलं. हे मला आईनं सहाव्या वर्षी शिकवलं होतं.

दिवाळीला बंब चिंचेनं घासून लख्ख व्हायचा. त्याला कुंकवाचं बोट, गळ्यात झेंडूची माळ. नरक चतुर्दशीच्या पहाटे सगळ्या भावंडांची रांग. शेजारच्या छत्तीसगडी काकी कौतुकानं बघायला यायच्या. त्यांच्याकडे थंडीला गोरसी असायची, मातीची पसरट शेगडी. तिच्यात गोवऱ्या, भुसा, कोळसा घालून सगळं घर भोवती बसायचं. आमच्याकडे बंब, त्यांच्याकडे गोरसी. काम एकच, विस्तवाला घरातलं माणूस करून घ्यायचं.

आता लाकडाचं सांगतो, कारण सगळं गणित तिथे आहे. गल्लीच्या टोकाला टाल होती. टाल म्हणजे आपल्या पुण्या-मुंबईची लाकडाची वखार. बाभूळ, साजा, धावडा, चिंच असं लाकूड मिळायचं. साजा म्हणजे तुमचा ऐन. बाबा लाकूड होळीनंतर घ्यायचे आणि जाळायचे दिवाळीनंतर. मला वाटायचं, उन्हाळ्यात स्वस्त मिळतं म्हणून घेतात. खरं कारण नंतर कळलं. रायपूरचं ऊन फुकट लाकूड वाळवून देत होतं.

ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. असं लाकूड जाळलं की आग आधी ते पाणी उकळवते, त्याची वाफ करते, आणि उरलं तर तुमच्या बंबाला देते. चांगल्या वाळलेल्या एका किलो लाकडातून साधारण 3500 किलोकॅलरी मिळतात. ओल्यातून 2000 च्या आसपास. म्हणजे ओलं लाकूड विकत घेताना तुम्ही लाकडाच्या भावानं पाणी विकत घेताय. आणि ओल्या लाकडाची आग थंड असते, ती धूर पूर्ण जाळू शकत नाही. तो धूर नळीत डांबरासारखा चिकटतो, डोळ्यांत जातो, छातीत जातो.

रिटायर झाल्यावर मी हे तोलून बघितलं. आमचा बंब 40 लिटरचा. पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायचं तर 40 गुणिले 40, म्हणजे 1600 किलोकॅलरी पाण्यात जायला हव्यात. वाळलेली बाभूळ दीड किलो लागली. तिच्यात होत्या सव्वापाच हजार. म्हणजे तीन भागांतला जेमतेम एक भाग पाण्यात गेला, दोन भाग आकाशात. ओलं लाकूड साडेतीन किलोच्या वर लागलं, वेळही दुप्पट. वाळलेलं कसं ओळखायचं? दोन फाटे एकमेकांवर आपटा. वाळलेलं खणखणतं, ओलं भद्द वाजतं. टोकाला चिरा पडलेल्या दिसतात, साल सुटायला लागते. आणखी खात्री हवी असेल तर एक तुकडा वजन करून बाजूला ठेवा, दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

माझा भाचा जर्मनीत आहे, बव्हेरियात एका खेड्यात भाड्यानं राहतो. त्याच्या घरमालकाकडे लाकडाच्या ओंडक्यांवर चालणारा बॉयलर आहे. त्यानं मला व्हिडिओ कॉलवर दाखवला. तळघरात लोखंडी पेटी, तिच्यात अर्धा मीटर लांबीचे फाटे भरतात. वरच्या कप्प्यात लाकूड तापून त्याचा वायू निघतो, पंखा तो वायू खालच्या कप्प्यात ओढतो आणि तिथे तो हजार अंशांच्या वर तापमानाला जळतो. चिमणीतून धूर जवळजवळ दिसत नाही. शेजारी 2000 लिटरची पाण्याची टाकी. दिवसातून एकदा जोरात आग करायची, सगळी उष्णता टाकीत साठवायची, आणि मग रात्रंदिवस त्या पाण्यानं घर गरम ठेवायचं, अंघोळीही त्याच उष्णतेवर. टाकी 40 वरून 80 अंशांवर न्यायला 80,000 किलोकॅलरी लागतात, म्हणजे असल्या चांगल्या बॉयलरमध्ये पंचवीस-तीस किलो वाळलेलं लाकूड. आमच्या बंबाला तेवढ्यासाठी दुपटीहून जास्त लागलं असतं.

भाचा म्हणाला, 'मामा, हा तर आपला बंबच की!' खरं आहे. आग आत, पाणी बाहेर, एकदा पेटवायचा आणि ऊन पाणी साठवून वापरायचं. फरक कुठे आहे सांगू? तिथे लाकडातला ओलावा पाव भागापेक्षा जास्त चालत नाही, हा नियम आहे. चिमणी साफ करणारा, तपासणारा माणूस ठरावीक मुदतीनं घरी येतो, त्याला नाही म्हणता येत नाही. आणि विषारी वायू झाला तर ओरडणारं यंत्र विकत मिळतं. तिथे लोकांनी आगीवर विश्वास ठेवलेला नाही. आपण ठेवतो. मी ठेवला होता.

आता ती गोष्ट सांगतो.

1998 मध्ये आम्ही घर नव्यानं बांधलं. जुनी कौलं गेली, अंगण गेलं, त्याच्या जागी दोन खोल्या आणि टाइल्स लावलेली बाथरूम आली. विजेचा गीझर लावला. बंब माळ्यावर गेला. बाबा तोवर गेले होते. आईला गीझर कधी आवडला नाही. म्हणायची, 'याच्या पाण्यानं आंग भरत नाही.' आम्ही हसायचो.

जानेवारी 2013. थंडी कडक होती आणि नेमका गीझर बिघडला. दुरुस्तीवाला 'कल आता हूँ' म्हणून तीन दिवस आला नाही. आई म्हणाली, 'कायले त्याच्या मांगं लागतं? काढ ना माळ्यावरचा बंब.' मी काढला. घासला, पाणी भरून गळती बघितली, तोटी बदलली. मोठ्या हौशीनं केलं सगळं. आता ठेवायचा कुठे? अंगण नव्हतं. गच्चीवर ठेवला तर बादल्या खाली आणायच्या कोणी? बाथरूमला लागून धुण्याभांड्याची छोटी मोरी होती, वर पत्रा, एका बाजूला सरकती खिडकी. बाथरूमचं दार तिच्यातच उघडायचं. तिथे ठेवला.

पहिल्या दिवशी लाकूड जाळलं तर घरभर धूर झाला. बायको वैतागली. मी म्हटलं, थांब, उद्या लाकूड नाही, कोळसा घालतो. धूरच होणार नाही. दुसऱ्या दिवशी कोळसा घातला, चांगला नळीभर. खरंच धूर झाला नाही. सगळे खूश. आई तर फारच. म्हणाली, 'माहं पोरगं बॉयलरवालं हाय.' तिसऱ्या दिवशी वारं सुटलं होतं, मोरीत गार झोत येत होता. आईला थंडी वाजू नये म्हणून ती खिडकी मीच सरकवून बंद केली. आई अंघोळीला गेली आणि मी पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलो.

माझी लेक तेव्हा आठ वर्षांची. ती मोरीत दात घासायला गेली आणि परत आली. म्हणाली, 'बाबा, माझं डोकं दुखतंय. आणि आजी ओ देत नाहीये.'

मी धावलो. मोरीत धूर नव्हता, वास नव्हता, काही नव्हतं. बंब शांतपणे धगधगत होता. बाथरूमचं दार आतून लावलेलं. खांद्यानं कडी तोडली. आई भिंतीला टेकून खाली बसली होती, मान कलंडलेली. शेजारचे लोक धावून आले, काकी विचारत होत्या, 'का होगे? का होगे?' आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तिला उचलून पुढच्या ओट्यावर आणलं, शेजाऱ्यांची गाडी काढली, दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला बघितलं आणि मला पहिला प्रश्न विचारला, 'बाथरूममध्ये काय जळत होतं?'

त्या प्रश्नानं मला सगळं कळलं. मिलमध्ये हे मी शिकलो होतो. भट्टीला हवा कमी पडली की काय होतं, ते मी नव्या पोरांना समजावून सांगायचो. कार्बनला पुरेशी हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी असली, किंवा कोळशाचा थर जाड असला, की कार्बन मोनॉक्साइड होतो. कोळशाच्या वर कधीकधी निळसर ज्योत नाचताना दिसते ना, तो हाच वायू जळत असतो. जळला तर ठीक. न जळता निसटला तर तो खोलीत भरतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. श्वासातून रक्तात जातो आणि तिथे ऑक्सिजनची जागा पकडतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण आतून गुदमरत असतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. म्हणजे धोका आहे हे कळेपर्यंत दारापर्यंत जायची ताकद उरलेली नसते.

लाकडाचा धूर त्रासदायक असतो, पण तो आपल्याला खोलीबाहेर हाकलतो. मी धूर काढून टाकला आणि धोका ठेवून दिला. धूर नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी समजलो. सर्टिफिकेटवाला माणूस मी. मिलमध्ये भट्टीच्या हवेचा पंखा बंद पडला असता तर मी धावत जाऊन आग मोडली असती. घरात मात्र मी स्वतःच्या हातानं खिडकी लावली. का? कारण मिलमधल्या आगीला मी आग समजत होतो आणि घरातल्या आगीला आईचा बंब.

आई वाचली. दिवसभर ऑक्सिजन लावला होता. संध्याकाळी डोळे उघडून तिनं विचारलं, 'बंब इझवला का रे?' ती पुढे सहा वर्षं जगली. पण मधूनमधून विसरायची, बोलता बोलता थांबायची. डॉक्टर म्हणाले, वयामुळेही असेल, त्या दिवसामुळेही असेल, सांगता येत नाही. मला आजही सांगता येत नाही. तिनं मला एकदाही बोल लावला नाही. नातेवाइकांना सांगताना ती म्हणायची, 'मले चक्कर आली होती.' पुण्याच्या बहिणीला मी खरं सांगितलं. म्हणून त्या दिवशी फोनवर बंबाचा विनोद झाल्यावर आम्ही गप्प झालो.

मंडळी, ही गोष्ट मी कधी चारचौघांत सांगितली नव्हती. आज सांगतोय, कारण बंब गेले तरी ती बंद खिडकी अजून घराघरात आहे. बंबाच्या जागी गॅस गीझर आला. तोही ज्योतच आहे. बंद बाथरूममध्ये तो हवा खातो आणि तोच वायू सोडतो. दर हिवाळ्यात पेपरमध्ये बातमी येते, कुठे नवं जोडपं, कुठे कॉलेजचा मुलगा. आमच्या छत्तीसगडमध्ये गोरसी आणि उत्तरेकडे अंगीठी बंद खोलीत ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. नावं वेगळी, कारण एकच.

तर आता कामाचं सांगतो. लिहून घ्या म्हणणार नाही, लक्षात ठेवा.

एक. पेटणारी कोणतीही वस्तू अंघोळीच्या खोलीत नको, आणि तिला लागून असलेल्या बंद जागेतही नको. बंब अंगणात, गच्चीवर, उघड्या व्हरांड्यात. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, आणि त्याचा धूर बाहेर काढणाऱ्या पाइपसकट. बाहेरून पाणी पाइपनं आत येऊ द्या, ज्योत नको.

दोन. गरम पाण्यासाठी खिडकी बंद करू नका. थंडी वाजली तर वाजू दे. थंडीनं माणूस कुडकुडतो, ओरडतो. हा वायू ओरडू देत नाही.

तीन. अंघोळ करताना डोकं जड वाटलं, मळमळलं, तर 'जरा पाणी ओतून निघतो' म्हणू नका. नळ चालू असू दे, साबण अंगावर असू दे, दार उघडा आणि बाहेर या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगा, कडी लावू नका, नुसतं दार लोटा.

चार. कोणी बेशुद्ध सापडलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, त्याला बाहेर मोकळ्या हवेत ओढा, 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आत काय जळत होतं. आणि एक महत्त्वाचं. करोनानंतर घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. तो यात फसवतो. त्याला हा वायू चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनचं रक्त यांतला फरक कळत नाही. तो 98 दाखवेल आणि माणूस मरणाच्या दारात असेल. त्या आकड्यावर विसंबू नका.

पाच. बंब किंवा चूल वापरायचीच असेल तर लाकूड वाळलेलं, फोडलेलं, मनगटाएवढं जाड. रंग लावलेलं फर्निचर, प्लायवूड, प्लास्टिक अजिबात नको. खालची राख रोज काढा, जाळीला श्वास घेऊ द्या. आधी पाणी, मग आग. वरचं तोंड कायम उघडं.

आता कोणी विचारेल, 'काका, मग बंब वापरायचाच कशाला?' रास्त प्रश्न आहे. माझं मत सांगतो. आमच्या रायपूरला उन्हाची कमी नाही, तेव्हा पहिला मान सोलर हीटरचा. एकट्या माणसाला एक बादली हवी असेल तर वीज बरी. 20 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला 500 किलोकॅलरी, म्हणजे साधारण 0.6 युनिट. कसलाही वायू नाही, कटकट नाही. अर्थिंग आणि दुरुस्ती मात्र धड पाहिजे. आणि ज्यांच्या शेतात, बांधावर छाटणीचं लाकूड पडूनच असतं, घरात दहा माणसं आहेत, अंगण आहे, त्यांच्यासाठी बंब आजही चांगला. विकतच्या लाकडावर शहरात रोज बंब चालवणं हे ना खिशाला परवडणारं, ना शेजाऱ्यांच्या छातीला. मी हौसेचा माणूस आहे, पण हौसेपायी खोटं बोलणार नाही.

आमचा बंब अजून आहे. गच्चीवर, चारी बाजूंनी मोकळा. वर्षातून एकदाच पेटतो, नरक चतुर्दशीला. माझी लेक आता वीस-एकवीस वर्षांची आहे. ती त्याला चिंचेनं घासते, माळ घालते. पाणी बादलीनं खाली आणावं लागतं, दोन जिने. ज्या कष्टाचा मी तेव्हा कंटाळा केला होता, तेच कष्ट आता दरवर्षी करतो. गुडघे दुखतात. दुखू देत.

तुमच्याकडून मला एकच हवंय. हे ऐकून झालं की उठा आणि आपल्या बाथरूममध्ये जा. आत काही पेटतं का बघा. खिडकी उघडते का बघा. रंगानं चिकटली असेल तर सुरीनं मोकळी करा. जमलं तर आजच. मग आईवडिलांना फोन करा आणि त्यांच्या घरातली खिडकीही तपासायला सांगा.

गाडी गेली बघा आमची. मीही थांबतो. नमस्कार.